धरणाच्या पाण्यावरची होडी : पारख आणि वापर



पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, असं आपण म्हणतो. पण खरं वैर होतं ते माशाशी नव्हे, पाण्याशी. आणि तेही आपण करायला जात नाही, आपल्या हातून न कळत होतं. ते कसं होतं आणि कसं टाळावं, एवढंच आज सांगायचं आहे.

आपल्या महाराष्ट्रात कोकणपट्टी सोडली तर होडी ही पूर्वी सर्वांच्या घरची वस्तू नव्हती. नदीला उतार असे, पूर आला तर दोन दिवस थांबावं लागे, फार तर गुळाच्या काईलीत बसून पलीकडे जावं लागे. मग धरणं झाली. कोयनेचा शिवसागर झाला, १९७६ मध्ये जायकवाडीचं धरण पुरं झालं, १९८० मध्ये उजनीचं झालं. नाथसागर म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि रुंद जागी २७ किलोमीटर असं पाणी. ज्याच्या आजोबांनी औत धरलं, त्याच्या हाती वल्हं आलं. कटला, रोहू, मृगळ, मरळ, चिलापी हे मासे आज हजारो घरं चालवतात. पण कोकणातल्या पोराला बापाबरोबर मचव्यावर बसून जे शिकायला मिळतं, ते शिक्षण काही धरणाबरोबर आलं नाही.

२१ मे २०२४ या दिवशी संध्याकाळी उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं बुडाली. एक जण पोहून काठाला लागला. ही माणसं मासेमारीला निघाली नव्हती, पलीकडच्या गावाला निघाली होती. पाणी मात्र तेच, वारा तोच, आणि होडीला लागू पडणारे नियमही तेच. म्हणून हे सारं मच्छीमारांइतकंच प्रवाशांनीही ऐकून ठेवण्यासारखं आहे.

होडी तरते कशी?

आधी हिशेब करू. शिक्षक मंडळींनी हा फळ्यावर मांडावा.

समजा, तुमची होडी सपाट तळाची, १३ फूट लांब आणि ४ फूट रुंद आहे. म्हणजे सुमारे ४ मीटर आणि १.२ मीटर. टोकं निमुळती असतात, म्हणून तळाचं क्षेत्रफळ साधारण ३.६ चौरस मीटर धरू. ही होडी एक सेंटिमीटर खाली गेली की ३६ लिटर पाणी बाजूला सारते. ३६ लिटर पाण्याचं वजन ३६ किलो. तेव्हा दर ३६ किलो ओझ्यामागे होडी एक सेंटिमीटर बुडते. हाच आर्किमिडीजचा सिद्धान्त.

होडी स्वतः १०० किलोची, जाळं आणि मासळी ६० किलो, आणि साठ साठ किलोची तीन माणसं. एकूण ३४० किलो. होडी साडेनऊ सेंटिमीटर बुडेल. आता आणखी दोघं म्हणाले, “आम्हालाही घ्या की!” तर किती बुडेल? पावणेतेरा सेंटिमीटर. म्हणजे फरक फक्त सव्वातीन सेंटिमीटरांचा! बोटाच्या दोन पेरांएवढासुद्धा नाही.

इथंच माणूस फसतो, बरं का. डोळ्यांना वाटतं, होडी अजून चांगली वर आहे, आणखी दोघं सहज मावतील. पण होडी बुडण्याचा धोका बहुधा तिच्या खाली जाण्यात नसतो, कलंडण्यात असतो. मासळी तळाला पडून राहते. माणसाचं वजन मात्र उंचावर असतं आणि ते हलतं. दोन माणसं एकदम एका काठाला आली आणि होडी पंधरा अंशांनी कलली, तर त्या बाजूचा काठ १६ सेंटिमीटर खाली जातो. त्याच वेळी बाजूने लाट आली की पाणी आत.

आणि एकदा पाणी आत आलं की पुढची गंमत बघा. गंमत कसली, घातच तो. याच होडीत तळाला पाच सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते होतं १८० लिटर, म्हणजे १८० किलो. तिकीट न काढता तीन माणसं येऊन बसली! शिवाय ही तीन माणसं एका जागी बसत नाहीत. होडी ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूला ती धावतात आणि तिला आणखी कलवतात. म्हणून होडीत पाणी दिसलं की मासे नंतर, आधी उपसा. उपसायचा डबा दोरीने होडीला बांधलेलाच असावा. गडबडीत पहिल्यांदा हरवतो तो डबाच.

घेताना काय पाहावं?

पहिली गोष्ट रुंदी. लांबी मिरवण्यासाठी, रुंदी जगण्यासाठी, असं म्हटलं तरी चालेल. होडी कलली असता तिला सावरणारा पाण्याचा जोर रुंदीच्या घनाप्रमाणे वाढतो. चार फुटांची रुंदी पाच फूट केली, तर हा जोर जवळजवळ दुप्पट होतो. कोकणात अरुंद होडीला बाजूने उलांडी लावतात, त्यामागचं कारण हेच. लाकडाचा तो बाहेर काढलेला हात होडीला पाण्यावर रुंद करतो.

दुसरी गोष्ट काठाची उंची. सगळं ओझं भरल्यावर पाण्यापासून काठापर्यंत निदान एक फूट मोकळं राहिलं पाहिजे. मोठ्या, उघड्या पाण्यावर जाणार असाल तर त्याहून जास्त.

तिसरी गोष्ट तळाचा आकार. सपाट तळाची होडी उभं राहायला स्थिर असते, उथळ पाण्यातही चालते. पण लाटेवर ती आपटते, आणि हद्दीबाहेर कलली की सावरायला सवड देत नाही. गोल किंवा मधे धार असलेल्या तळाची होडी सुरुवातीला डुलते, नवख्याला भीती वाटते. पण लाटेतून ती नीट चालते. खाडी, तळं, धरणाची आतली बगल इथे सपाट तळ ठीक. नाथसागरासारख्या उघड्या पाण्यावर मात्र नाळ उंच आणि तळाला धार असलेली होडी बरी.

अमेरिकेत ‘बास’ नावाच्या माशासाठी वेगळ्या होड्या बनवतात. तिकडेही धरणांची मोठमोठी तळी झाली आणि लोक त्यात गळाने हा मासा धरू लागले. गळ फेकायचा तर उभं राहावं लागतं, म्हणून १९४८ मध्ये होम्स थर्मंड नावाच्या कारागिराने लुईझियाना राज्यात ‘स्कीटर’ ही बसक्या काठाची होडी केली. पुढच्या साऱ्या बास-बोटींची ती मूळ पिढी मानतात. आपल्याला त्या महागड्या होड्यांशी कर्तव्य नाही. पण त्यांचे दोन नियम उचलण्यासारखे आहेत. एक असा, की १९७२ पासून वीस फुटांखालच्या बहुतेक इंजिनाच्या होड्यांवर किती माणसं आणि किती वजन, याची पाटी कारखान्यातूनच ठोकलेली असते. दुसरा नियम पुढे इंजिनाच्या वेळी सांगतो.

पाटी नसेल तर अंदाजाला तिकडे एक हिशेब सांगतात : लांबी आणि रुंदी फुटांत घ्या, गुणाकार करा आणि पंधराने भागा. आपल्या होडीचं १३ गुणिले ४ म्हणजे ५२. भागिले १५, आले तीन. तीन माणसं, तीही शांत पाण्यावर. वारा असेल तर आणखी कमी. हा आकडा होडीच्या आतल्या बाजूला रंगाने ठळक लिहून टाका. “पाहुणे, तुम्ही पुढच्या खेपेला या,” हे तोंडाने म्हणायला आपल्याला संकोच वाटतो. पाटी ते काम भीड न धरता करते.

लाकूड, पत्रा की फायबर?

लाकडाची होडी दुरुस्तीला सोपी. सागवान उत्तम, पण महाग. घेताना फळ्यांच्या सांध्यांत आणि तळाच्या आतल्या कोपऱ्यांत चाकूचं टोक टोचून पाहा. टोक सहज आत शिरलं तर लाकूड कुजलं. फार दिवस उन्हात पडलेल्या होडीचे सांधे उकलतात. पाण्यात ठेवल्यावर लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि बरेचसे सांधे मिटतात. म्हणून अशी होडी आणल्या दिवशीच खोल पाण्यात नेऊ नये.

पत्र्याची होडी स्वस्त. गावातला वेल्डिंगवालाही ती करून देतो. पण पत्रा गंजतो, तो आधी तळाच्या आतून, जिथे पाणी साचून राहतं तिथून. वर नवा रंग चकचकीत दिसला की भुलू नका. बोटांनी ठोकून पाहा आणि तळाखालीही डोकवा.

फायबरची होडी हलकी, कुजत नाही, गंजत नाही. हिच्यात चिरा पाहाव्यात, विशेषतः इंजिन टांगायच्या फळीभोवती आणि बैठकीच्या कोपऱ्यांत. नुसता वरचा रंग तडकला आहे की आतला थर सुटला आहे, हे नाण्याने ठोकून कळतं. चांगल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द येतो.

ट्यूब आणि थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी लावणारे बांधव पुष्कळ आहेत. गरिबी काही पुस्तक वाचून वागत नाही, हे मी जाणतो. पण ट्यूबला एकच काटा पुरतो, थर्माकोल तुकड्या-तुकड्याने झडतो, आणि वाऱ्यात दोन्ही आपल्या ताब्यात राहत नाहीत. हे वापरणंच भाग असेल तर काठाजवळ, वारा पडलेला असताना, आणि सोबत कोणी असताना वापरावं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पाणी भरलेली लाकडी होडी बहुधा तरंगत राहते, तिला धरून राहता येतं. पत्र्याची आणि फायबरची होडी मात्र भरली की तळ गाठते, कारण लोखंड आणि फायबर दोन्ही पाण्याहून जड. यावर उपाय सोपा आहे. वीस लिटरचे घट्ट बुचाचे रिकामे कॅन घ्या. एक कॅन पाण्यात साधारण वीस किलोचा भार उचलतो. शंभर किलोच्या पत्र्याच्या होडीला वर ठेवायला सुमारे नव्वद किलोचा जोर लागतो. इंजिन आणि लटकणारी माणसं धरून सात-आठ कॅन पाहिजेत. ते बैठकीखाली, दोन्ही टोकांना आणि दोन्ही बाजूंना सारखे वाटून पक्के बांधा. सैल बांधलेला कॅन ऐन वेळी सुटून एकटाच तरंगत जाईल! मग होडी कमरेइतक्या पाण्यात नेऊन मुद्दाम भरून पाहा. काठ वर दिसत राहिला तर तुमचं काम बरोबर झालं. ही परीक्षा काठावर घ्यावी, मधोमध घेऊ नये.

चालवताना

चढताना होडीच्या मधोमध पाय टाका, वाकून, दोन्ही काठांना हात लावून. काठावरून उडी मारू नये. जड माणूस आणि मासळी मधे, हलकं सामान टोकांना. जागा बदलायची तर एका वेळी एकानेच.

पाग फेकताना उभं राहावंच लागतं. तेव्हा दुसऱ्याने खाली बसून होडी सावरावी. लावलेलं जाळं ओढताना ते नाळेवरून किंवा तिच्याजवळून घ्या. मधल्या काठावर दोघांनी एकदम ओणवं होऊन जाळं ओढणं म्हणजे होडीला स्वतःच्या हाताने कलवणं. जाळं खाली अडकलं, तर हिसडे देऊ नका. उजनीत पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसू लागतं. म्हणजे पाण्याखाली गावं आहेत, भिंती आहेत, झाडं आहेत. हाताशी धारदार कोयती ठेवा आणि अडकलेला भाग कापून टाका. जाळं पुन्हा विणता येतं.

नांगर नेहमी नाळेला बांधावा, पिछाडीला कधीही नाही. पिछाडी बसकी असते, त्यात इंजिनाचं ओझं. दोर ताणला की ती खाली खेचली जाते आणि लाट सरळ आत येते. दोर पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट लांब सोडा. आखूड दोराने नांगर धरत नाही, घसटत राहतो.

इंजिन लावलं असेल, तर अमेरिकेतला दुसरा नियम ध्यानी घ्या. इंजिनाला एक दोरी असते. तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा अंगावरच्या जाकिटाला अडकवायचं. माणूस पाण्यात पडला की दोरी निसटते आणि इंजिन बंद पडतं. नाही तर रिकामी होडी गोल फिरत येऊन पडलेल्यालाच पंख्याने कापते. तिकडे २६ फुटांखालच्या होड्यांना १ एप्रिल २०२१ पासून ही दोरी वापरणं कायद्याने बांधलं आहे. आपल्याकडे इंजिनाबरोबर आलेली ती दोरी पुष्कळदा खोक्यातच राहते. इंजिन असलं तरी दोन वल्ही सोबत हवीतच.

धरणाच्या दारांपाशी आणि सांडव्यापाशी मासे पुष्कळ असतात, म्हणून मोह होतो. तिकडे जाऊच नये. दारं उघडली की त्या ओढीपुढे वल्हं चालत नाही आणि इंजिनही चालत नाही.

वाऱ्याची भाषा

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी पाणी आरशासारखं असतं. दुपार कलली की ढग जमतात. वळवाचा पाऊस येण्याआधी वारा येतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. उकाडा असताना अंगाला एकाएकी गार झुळूक लागली, तर ती सुखाची समजू नका. ढगातून खाली कोसळलेली थंड हवा पुढे पसरते, तिची ती चाहूल असते. मागून सोसाटा येतो, कधी पाच मिनिटांत. पाणी जितकं लांब-रुंद उघडं, तितकी लाट मोठी. आणि उथळ पाण्यात लाटा आखूड व उभ्या होतात, होडीला दोन लाटांमध्ये श्वास घ्यायला जागा देत नाहीत. तेव्हा ढग दिसताच जवळचा काठ धरा. आपल्याच गावचा काठ पाहिजे, असा हट्ट नको.

वीज चमकली की मोजायला लागा. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर चालतो. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे. पाण्यावर उंच अशी वस्तू एकच असते, आणि ती म्हणजे तुम्ही.

वारा गाठलाच, तर होडी लाटेला आडवी होऊ देऊ नका. नाळ लाटेकडे, किंचित तिरपी ठेवा. वेग कमी करा. सगळ्यांना तळाला बसवा. बैठकीवर नव्हे, तळाला. उलटलीच, तर होडी सोडू नका. काठ जवळ दिसतो, पण पाण्यावर अंतराचा अंदाज चुकतो. अंगावर कपडे, तोंडावर लाटा, चांगला पोहणाराही दमतो. होडी धरून राहिलेला माणूस दुरून दिसतो, एकटं डोकं दिसत नाही.

आणि जाकीट! ते बैठकीखाली घडी करून ठेवण्यासाठी नाही. पाण्यात पडल्यावर ते चढवता येत नाही. अंगावर घालून पट्टे आवळा. दुसऱ्याने खांद्याशी धरून वर ओढलं असता ते हनुवटीवरून निसटता कामा नये. लहान मुलाला लहान मापाचं. शिवाय दहा-पंधरा मीटर दोरीला पाच लिटरचा बंद कॅन बांधून ठेवा. बुडणाऱ्याकडे तो फेकता येतो. पाण्यातल्या माणसाचं डोकं वर ठेवायला तेवढा आधार पुष्कळ मोलाचा असतो. मोबाइल प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत, आणि ११२ हा क्रमांक घरातल्या लहानथोरांना पाठ असू द्या. निघताना कुठे जातो आणि किती वाजता येतो, हे घरी सांगून जावं.

शिक्षकांसाठी चार शब्द

गुरुजी, बाई, तुमच्या शाळेत धरणकाठची मुलं असतील, तर एक तास यासाठी काढा. परातीत पाणी घ्या. पत्र्याच्या डब्याचं उथळ झाकण तरंगत सोडा. त्यात मधोमध नाणी ठेवत जा, मुलांना मोजू द्या. मग तेवढीच नाणी एका कडेला सरकवा. मग झाकणात चमचाभर पाणी घालून पुन्हा तीच नाणी ठेवा. मुलं स्वतःच सांगतील काय झालं ते. घनफळ, घनता, तोल हे सारे धडे त्यात आले. आणि एक धडा पुस्तकाबाहेरचाही आला. संध्याकाळी तेच मूल बापाला म्हणेल, “बाबा, आपल्या होडीत तीनच माणसं.” बापाला सरकारी फलक दिसणार नाही कदाचित, पण पोराचं बोलणं ऐकू येईल.

मासळीचा भाव चढतो, उतरतो. एखादा दिवस हात हलवत परतावं लागतं. जाळं फाटतं, कर्ज काढून नवं घेता येतं. पण अंधार पडल्यावर काठावर कंदील घेऊन उभ्या राहिलेल्या घरच्या माणसांना या कशाचाही हिशेब नको असतो. त्यांना वल्ह्याचा आवाज ऐकू यायला हवा असतो. तो रोज ऐकू येवो, आणि त्यासाठी होडीत आकडा लिहायचं काम उद्याच उरका, एवढं सांगून आपला निरोप घेतो.